मुलांच्या मुरुमांवरील उपचाराचे बिल: कात्री कुठे लावावी आणि कुठे लावू नये

दहावी-बारावीच्या वयातील मुलाला किंवा मुलीला घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे पहिल्यांदाच गेलेले पालक बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या हातात बहुधा सात-आठ ओळींचे प्रिस्क्रिप्शन असते. शेजारच्या मेडिकलमध्ये त्याचे बिल झाले की पुढच्या महिन्यात पुन्हा यायचे की नाही, हा हिशेब काउंटरवरच सुरू होतो आणि अनेक घरांत उपचार तिथेच थांबतो. क्लासची फी आणि घराचा हप्ता यांच्यापुढे तोंडावरच्या पुटकुळ्यांचा नंबर लागत नाही. त्यात ‘वयात आले की येणारच, आपोआप जातील’ असे एखाद्या वडीलधाऱ्याने म्हटले की विषय मिटतो. बहुतेकांचे मुरुम कालांतराने खरोखरच ओसरतात. मात्र खोल गाठींमुळे पडलेले खड्डे आपोआप भरून येत नाहीत आणि त्यांच्यावरचा उपचार मूळ मुरुमांच्या उपचारापेक्षा कितीतरी महाग पडतो.

हा खर्च कमी करता येतो, आणि त्यासाठी डॉक्टर टाळण्याची गरज नसते. मुरुमांवर गुण देणारी मुख्य औषधे जुनी आहेत, त्यांची मूळ पेटंटे संपलेली आहेत आणि भारतात ती अनेक कंपन्या बनवतात. बिल फुगते ते औषधाभोवती लिहिल्या जाणाऱ्या प्रसाधनांमुळे, त्याच औषधाचा महाग ब्रँड पदरी पडल्यामुळे, आणि गुण यायच्या आतच उपचार सोडून काही महिन्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्यामुळे. यांतले शेवटचे कारण सर्वांत खर्चिक असूनही ते कोणत्याही बिलावर छापलेले नसते. औषध किंवा डोस स्वतःच्या मनाने बदलायचा नाही, एवढे गृहीत धरून पुढचे वाचावे.

प्रिस्क्रिप्शन आधी नीट वाचावे

मध्यम स्वरूपाचे मुरुम असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचे प्रिस्क्रिप्शन साधारण असे असते: दिवसातून दोनदा फेसवॉश, रात्री अ‍ॅडापॅलिन ०.१ टक्का आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के यांचे एकत्रित जेल, सकाळी क्लिंडामायसिन १ टक्का जेल, डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅमची रोज एक कॅप्सूल, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, डागांसाठी सीरम, आणि झिंक किंवा मल्टिव्हिटॅमिनची गोळी. या आठ ओळी वरवर सारख्याच महत्त्वाच्या वाटतात, पण तशा त्या नसतात.

मुरुम कसे होतात हे ठाऊक असले की फरक लगेच कळतो. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तेलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात, केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राच्या अस्तरातील पेशी एकमेकींना चिकटून तिथे बूच बसते, आत साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि मग त्या जागी दाह होतो. अ‍ॅडापॅलिन किंवा ट्रेटिनॉइन ही रेटिनॉइड औषधे ते बूच सैल करतात व नवे बसू देत नाहीत. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते आणि त्याच्याविरुद्ध जिवाणूंना प्रतिकारशक्ती येत नाही. डॉक्सिसायक्लिन दाह उतरवते. म्हणजे वरच्या यादीतील खरा उपचार रात्रीचे जेल आणि कॅप्सूल एवढाच आहे. फेसवॉश अर्ध्या मिनिटात धुऊन जातो. तो पृष्ठभागावरचे तेल काढतो, बुचापर्यंत पोहोचत नाही. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांची गरज खरी आहे, कारण जेलमुळे त्वचा कोरडी पडते आणि डॉक्सिसायक्लिनमुळे ऊन लवकर चावते. पण ही दोन्ही कोणत्या कंपनीची घ्यायची याला फारसे महत्त्व नाही. सीरम आणि व्हिटॅमिन या ओळी पुढे ढकलता येण्याजोग्या असतात.

दोन ओळींबद्दल मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारावे. पोटात डॉक्सिसायक्लिन चालू असताना वरून क्लिंडामायसिन हे दुसरे प्रतिजैविक लावण्याची गरज बहुधा नसते. दोन प्रतिजैविके एकाच वेळी देणे टाळावे, असेच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि क्लिंडामायसिन नुसतेच, बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीशिवाय, दीर्घकाळ लावले तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. दुसरी ओळ मल्टिव्हिटॅमिनची. त्यातील लोह, झिंक किंवा कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला पोटात बांधून ठेवते आणि औषध रक्तात कमी उतरते, म्हणून दोन्ही एकाच वेळी गिळणारा मुलगा पैसे घालून स्वतःचेच औषध निकामी करत असतो. गोळी द्यायचीच असली तर दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे लागते.

डॉक्टरांशी पैशाबद्दल बोलावे

आपल्याकडे डॉक्टरांसमोर पैशाचा विषय काढणे लोकांना कमीपणाचे वाटते. प्रत्यक्षात परवडत नाही हे कळले नाही म्हणून डॉक्टर महागाचे लिहितात आणि परवडत नाही म्हणून रुग्ण परत येत नाही. यात दोघांचेही नुकसान होते. बोलायला फार शब्द लागत नाहीत. ‘डॉक्टर, महिन्याला अमुक इतक्या रुपयांत बसेल एवढेच आम्हाला झेपेल, यातले आधी काय घेऊ आणि काय राहू देऊ?’ असा थेट आकडा सांगून विचारलेला प्रश्न ‘जरा स्वस्तातले लिहा ना’ या विनंतीपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो, कारण त्यावर डॉक्टरांना क्रम लावून द्यावा लागतो.

दुसरी विनंती औषध मूळ नावाने, म्हणजे ब्रँडऐवजी घटकाच्या (जेनेरिक) नावाने, लिहून देण्याची. ही विनंती आगाऊपणाची नाही. डॉक्टरांनी औषधे मूळ नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, अशी तरतूद वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत २०१६ च्या दुरुस्तीने केलेली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये ती अधिक कडक करणारे नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले, त्यामुळे व्यवहारात ब्रँडचेच नाव लिहिले जाते. याचा खर्चाशी थेट संबंध आहे. अनुसूची ‘एच’ मधील (म्हणजे प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता न येणारे) औषध प्रिस्क्रिप्शनवर एका ब्रँडच्या नावाने लिहिलेले असेल तर औषध नियमांतील नियम ६५ नुसार औषधविक्रेत्याला त्याऐवजी दुसरे, अगदी तोच घटक असलेलेही, स्वतःहून देता येत नाही. म्हणजे स्वस्त पर्यायाचे दार मेडिकलमध्ये नाही, तर डॉक्टरांच्या टेबलावरच उघडते. ‘अ‍ॅडापॅलिन ०.१ टक्का जेल’ एवढे शब्द कागदावर आले की पुढची निवड आपल्या हाती येते. मूळ नावाने लिहायला डॉक्टर तयार नसतील तर निदान ब्रँडखाली घटक, प्रमाण आणि ‘पर्याय चालेल’ एवढे लिहून घ्यावे.

क्लिनिकमध्येच विकले जाणारे फेसवॉश आणि क्रीम तिथल्या तिथे घेण्याचे बंधन कोणावरही नसते. ‘घरी जाऊन बघतो’ हे सभ्य उत्तर आहे. पुढच्या भेटीची फी किती, किती दिवसांच्या आत आले तर ती कमी लागते आणि मधली एखादी भेट व्हिडिओवर होईल का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अल्पवयीन रुग्णाच्या दूरसल्ल्यात मोठ्या माणसाने हजर असावे लागते, तेव्हा त्या वेळी पालकांनी मुलाशेजारी बसावे. तालुक्याच्या गावातून शहरात येणाऱ्या कुटुंबासाठी एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी हीसुद्धा उपचाराच्या खर्चाचीच बाब आहे.

दुकानात तुलना कशी करावी

एकाच घटकाच्या, एकाच प्रमाणाच्या जेलच्या किमतीत दुप्पट-तिप्पट फरक आढळणे हे आपल्या औषधबाजारात नवल नाही. तुलना करताना खोक्यावरची छापील किंमत न पाहता एका ग्रॅमची किंमत काढावी. समजा, एक ट्यूब १५ ग्रॅमची आणि २४० रुपयांची आहे व दुसरी ३० ग्रॅमची आणि ३३० रुपयांची आहे. पहिलीचा ग्रॅम १६ रुपयांना पडतो, दुसरीचा ११ रुपयांना. तरीही पहिल्या महिन्यात लहानच ट्यूब घ्यावी, कारण औषध सोसले नाही तर मोठी ट्यूब कपाटात पडून राहते. चार गोष्टी तंतोतंत जुळल्याशिवाय दोन औषधे सारखी समजू नयेत: घटकाचे नाव, टक्केवारी, जेल की क्रीम, आणि त्यात जोडीला दुसरा घटक आहे की नाही. ‘मायक्रोस्फिअर’ किंवा ‘नॅनो’ असे शब्द असलेली जेले महाग असतात. नाजूक त्वचेला ती कमी झोंबू शकतात, पण साधे जेल ज्याला सोसते त्याने तेवढ्यासाठी जास्त पैसे का मोजावेत, हे मला कळलेले नाही.

स्वस्त खरेदीचा सरळ मार्ग म्हणजे प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजनेची केंद्रे. ही योजना २००८ पासूनची आहे, देशभरात दहा हजारांहून अधिक केंद्रे आहेत आणि ब्रँडेड औषधांपेक्षा ५० ते ९० टक्के कमी किमतीत औषधे मिळतात, असे सरकार सांगते. अडचण उपलब्धतेची असते. तापाची किंवा मधुमेहाची गोळी तिथे हमखास मिळते, त्वचेचे जेल मिळेलच असे नाही. म्हणून ‘जनऔषधि सुगम’ या मोबाइल अ‍ॅपवर औषधाचे मूळ नाव टाकून ते यादीत आहे का ते पाहावे आणि मग जवळच्या केंद्राला फोन करून साठा विचारावा. निम्मी यादी तिथून आणि निम्मी नेहमीच्या मेडिकलमधून, असे झाले तरी हरकत नाही. डॉक्सिसायक्लिनसारखी कॅप्सूल कुठेही घेतली तरी फार महाग पडत नाही. ते औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली ठरवली जाते. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी ठरवते, मात्र वर्षभरात ती दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या अ‍ॅपवर किंमत तपासता येते.

ऑनलाइन सवलत घ्यायला हरकत नाही, पण प्रिस्क्रिप्शन न मागता प्रतिजैविक किंवा आयसोट्रेटिनॉइन (गंभीर मुरुमांवरच्या कॅप्सूल) पाठवणारे दुकान स्वस्त असले तरी विश्वासाचे नाही. बिल घ्यावे, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीच्या छापील किमतीचे खोके हाती आले तर सुधारित किंमत विचारावी.

सरकारी रुग्णालयाला कमी लेखू नये

मुरुमांसाठी सरकारी दवाखान्यात जाणे अनेकांच्या मनात येत नाही, आणि हे मला खर्चापेक्षाही सवयीचे प्रकरण वाटते. मुंबईतील केईएम, सायन, नायर आणि जे. जे., पुण्यातील ससून, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मेयो, छत्रपती संभाजीनगरची घाटी, गोव्यातील बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज या ठिकाणी त्वचारोगाचे स्वतंत्र विभाग आहेत, आणि तिथे शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी मुरुमांचे जेवढे रुग्ण पाहिलेले असतात तेवढे क्वचितच कोणी पाहिलेले असतात. केसपेपरला किरकोळ शुल्क लागते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत; वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि महापालिकांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत, हा फरक लक्षात ठेवावा.

रांग मोठी असते, हे खरे. म्हणून एक व्यवहारी तोडगा असा की निदान आणि उपचाराची दिशा सरकारी ओपीडीत ठरवून घ्यावी, रक्ततपासण्या तिथेच कराव्यात, आणि औषधे तिथल्या खिडकीवर नसतील तर बाहेरून जेनेरिक घ्यावीत. त्वचेची ओपीडी कोणत्या वारी असते, हे आधी विचारून जावे, नाहीतर एक खेप वाया जाते. आईवडिलांपैकी कोणाच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापली जात असेल तर अवलंबून असलेल्या मुलांनाही त्या योजनेचा दवाखाना आणि औषधे मिळतात. किती कामगारांना हे ठाऊक नसते! खासगी मेडिक्लेमकडून मात्र फार आशा ठेवू नये, कारण तो बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होतो.

आयसोट्रेटिनॉइन लिहिले असेल तर

खोल, दुखऱ्या गाठी, खड्डे पडू लागलेला चेहरा किंवा इतर उपचारांना दाद न देणारे मुरुम असतील तर आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल दिल्या जातात. महिन्याचा खर्च पाहून पालक बिचकतात, पण हिशेब महिन्याचा न करता संपूर्ण कोर्सचा करावा. परंपरेने एकूण मात्रा वजनाच्या दर किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम धरतात. ५० किलो वजनाच्या मुलासाठी खालच्या टोकाला ही मात्रा ६,००० मिलिग्रॅम होते, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या ३०० कॅप्सूल; रोज एक घेतली तर दहा महिने. कॅप्सूलमागे पाच रुपयांचा फरक असलेले दोन ब्रँड समोर असतील तर कोर्सअखेर १,५०० रुपयांचा फरक पडतो. भारतात अनेक डॉक्टर कमी मात्रेचा कोर्सही देतात, तेव्हा किती महिने आणि एकूण किती कॅप्सूल, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे.

पैसे वाया जाण्याची एक जागा इथे अशी आहे की ती कोणी सांगत नाही. हे औषध स्निग्धपदार्थ असलेल्या जेवणाबरोबरच नीट शोषले जाते. सकाळी कॉलेजला पळताना रिकाम्या पोटी पाण्याबरोबर गिळलेल्या कॅप्सूलचा मोठा भाग रक्तात पोहोचतच नाही. रात्रीच्या जेवणात तूप घातलेली पोळी, शेंगदाण्याची चटणी, अंडे किंवा दूध, असे काही असेल त्याच जेवणाबरोबर ती घ्यावी. ओठ फुटतात, त्यासाठी साधी पेट्रोलियम जेली पुरते, महागडा लिप बाम लागत नाही. यासोबत डॉक्सिसायक्लिन घेऊ नये, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास मेंदूभोवतीचा दाब वाढण्याचा धोका असतो. जुने पाकीट शिल्लक आहे म्हणून ते संपवण्याचा मोह इथे आवरावा. व्हिटॅमिन ‘ए’च्या गोळ्याही बंद ठेवाव्यात.

या औषधाच्या बाबतीत काटकसर जिथे चालत नाही ती बाब म्हणजे सुरक्षितता. गर्भावस्थेत घेतले गेल्यास बाळात गंभीर व्यंगे निर्माण होतात, त्यामुळे पाळी सुरू झालेल्या मुलीला ते देण्यापूर्वी गर्भचाचणी करतात आणि औषध चालू असताना व थांबल्यावर महिनाभर गर्भधारणा होणार नाही याची खात्री करावी लागते. घरात हे बोलणे अवघड जाते, पण डॉक्टरांना मुलीशी एकांतात बोलू द्यावे, असे मी सुचवीन. सुरुवातीला यकृताच्या व रक्तातील चरबीच्या तपासण्या होतात. नंतर किती वेळा करायच्या हे मात्र विचारावे, कारण पहिले अहवाल स्वच्छ असलेल्या निरोगी मुलाला दर महिन्याला रक्ततपासण्यांचे लांबलचक पॅनेल करण्याची गरज नसते. औषध चालू असताना मूल फार उदास, गप्प किंवा चिडचिडे झाले तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. महिन्याचे औषध मैत्रिणीबरोबर वाटून घेणे, हा प्रकार कॉलेजांत घडतो आणि तो धोकादायक आहे.

मुलींच्या तपासण्या

पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर राठ केसही आहेत, अशी मुलगी असेल तर पीसीओएसचा (अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकाराचा) विचार करणे योग्य आहे. पण या वयात सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण पाळी सुरू झाल्यानंतरची काही वर्षे निरोगी मुलींच्या अंडाशयातही अनेक पुटिका दिसतात. पाळी नियमित असलेल्या मुलीला नुसत्या मुरुमांसाठी हार्मोनचे भले मोठे पॅकेज सांगितले गेले तर त्यातून उपचारात काय बदलणार आहे, हे विचारावे. उत्तर ‘काही नाही’ असेल तर ते पैसे औषधांसाठी ठेवावेत.

स्वस्तात मिळणारी महागडी चूक

मेडिकलमधून ‘डाग-मुरुमांची क्रीम द्या’ म्हणून मागितलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असते. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, लालसरपणा जातो आणि घरातले सगळे खूश होतात. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम दुपटीने उसळतात आणि क्रीम बंद केली की चेहरा भाजल्यासारखा होतो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, याविरुद्ध वर्षानुवर्षे मोहीम चालवली आहे आणि २०१८ मध्ये अशी अनेक लेपनद्रव्ये अनुसूची ‘एच’ मध्ये आणली गेली. तरी ती सर्रास मिळतात. ट्यूबवरील घटकांत ‘-सोन’ किंवा ‘-सोल’ने संपणारे नाव दिसले तर चेहऱ्याला लावण्यापूर्वी विचारून घ्यावे.

लिंबू, टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा यांनी त्वचा भाजते. मुलतानी मातीने नुकसान फारसे होत नाही आणि फायदाही फारसा होत नाही. खोबरेल तेल कपाळावर उतरत असेल तर मात्र ते थांबवण्याने, तेही फुकटात, कपाळावरचे बारीक दाणे खरोखर कमी होतात. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलाच्या प्रोटीन पावडरचा डबा तपासावा. व्हे प्रोटीनने काहींचे मुरुम वाढतात, आणि डबा बंद केल्याने वाचणारे पैसे महिन्याच्या औषधाला सहज पुरतात.

केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे), लेसर आणि मायक्रोनीडलिंग (त्वचेला बारीक सुया टोचणे) यांची पॅकेजे मुरुम धगधगत असताना घेऊ नयेत. खड्ड्यांवर काम करायचे ते नवे मुरुम येणे थांबल्यावर.

औषध वाया न घालवता लावण्याची रीत

रेटिनॉइडचे जेल प्रत्येक पुटकुळीवर टिकली लावल्यासारखे लावण्याची सवय जवळपास सगळ्यांना असते, आणि त्यामुळेच औषध ‘लागू पडत नाही’. हे औषध आलेल्या मुरुमापेक्षा न आलेल्या मुरुमासाठी असते, म्हणून ते पूर्ण भागावर पातळ लावायचे असते. रात्री चेहरा धुऊन, टिपून, पंधरा-वीस मिनिटे पूर्ण कोरडा होऊ द्यावा. वाटाण्याएवढे जेल बोटावर घेऊन कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी अशा पाच ठिकाणी ठिपके ठेवावेत आणि मग पसरावेत. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांच्या कडा सोडाव्यात. रोज अर्धा ग्रॅम धरला तर १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरते. ती पंधरा दिवसांत संपत असेल तर दुप्पट लावले जात आहे, आणि दुप्पट लावल्याने गुण दुप्पट येत नाही, फक्त आग होते.

पहिले दोन आठवडे एकाआड एक रात्र लावणे बहुतेकांना सोसते. त्वचा सोलवटली तर आधी मॉइश्चरायझर लावून मग जेल लावावे. बेंझॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, म्हणून पांढरा टॉवेल आणि पांढरी उशीची खोळ वापरावी, नाहीतर उपचाराच्या खर्चात चादरींची भर पडते. ट्यूब उन्हात तापलेल्या गाडीत किंवा खिडकीत ठेवू नये. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर जखम होते. सनस्क्रीन परवडेल तसे आणावे. टोपी आणि सावली यांना खर्च नाही. स्कूटरवर स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनी तो रोज धुतलेला वापरावा.

आता मुदतीबद्दल. या औषधांचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि खरा निकाल बारा आठवड्यांनी कळतो. पहिल्या काही आठवड्यांत मुरुम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. बहुतेक मुले नेमकी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात औषध सोडतात, मग दुसरा डॉक्टर, दुसरा ब्रँड, पुन्हा तेच औषध वेगळ्या नावाने, पुन्हा चार आठवडे. म्हणून उपचार सुरू करण्याआधीच तीन महिन्यांचे पैसे बाजूला काढता येतील एवढीच यादी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. दोन औषधे तीन महिने, हे आठ वस्तू एक महिना यापेक्षा केव्हाही बरे. पहिल्या दिवशी, चौथ्या आठवड्यात आणि बाराव्या आठवड्यात त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढावा. आरशात रोज पाहणाऱ्या मुलाला फरक जाणवत नाही, फोटोत तो दिसतो आणि डॉक्टरांनाही निर्णय घ्यायला सोपे जाते.

काही परिस्थितींत मात्र थांबून हिशेब करू नये: गाठींबरोबर ताप आणि सांधेदुखी आली, खड्डे झपाट्याने पडू लागले, औषधाने चेहरा किंवा ओठ सुजले, डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइनवर असताना तीव्र डोकेदुखी होऊन अंधुक दिसू लागले, किंवा मूल शाळेत जायचेच टाळू लागले. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

चेहरा स्वच्छ झाल्यावर कॅप्सूल थांबतात. डॉक्सिसायक्लिन सहसा तीन-चार महिन्यांच्या पुढे नेत नाहीत. रेटिनॉइडचे जेल मात्र डॉक्टर बहुधा पुढे चालू ठेवायला सांगतात, आणि आठवड्यातून तीन रात्री लावायचे ठरले तर १५ ग्रॅमची तीच ट्यूब दोन महिन्यांहून जास्त पुरते. उपचारातील हा सर्वांत स्वस्त टप्पा सगळ्यात जास्त घरांत वगळला जातो. तेव्हा शेवटच्या भेटीत ‘आता काय लावायचे आणि किती महिने’ एवढे कागदावर लिहून घेतल्याशिवाय उठू नये.